रविवारी ज्यांना सुट्टी नसते

बाई,

आज सकाळी घरी आलं ते असं: लाकडी फळा एक, दोन कोपरे उडालेला; सतरंज्या दोन, त्यातली एक उंदरांनी कुरतडलेली; खडूंचा अर्धा डबा; आणि एक स्टूल. टेम्पोवाल्याने सहाशे सांगितले, साडेचारशेला आला. लिफ्ट बंद होती म्हणून वर चढवायचे शंभर वेगळे. फळ्याला काळा रंग द्यायला हवा, पण तो डबा दीडशेचा, अजून आणलेला नाही. तोवर ओल्या फडक्याने पुसून भागवीन. हे सगळं चर्चच्या माळ्यावर पडून होतं. पाळकसाहेब म्हणाले, न्या काकू, उंदरांना नाहीतरी पुरेसं मिळालंय. सुनेने फळा भिंतीला टेकलेला पाहिला आणि विचारलं, आई, हा टीव्हीच्या समोर राहणार? मी म्हटलं, मंगळवारपुरता. ती म्हणाली, मंगळवार दर आठवड्याला येतो. बरोबर आहे तिचं. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होतात तेव्हा तुमची खोली आमच्या खोलीपासून सहा दारांवर, पत्र कशाला लागतंय. आज लिहायला बसले, कारण फळा कशासाठी आला ते तुम्हालाच सांगायला हवं, आणि थोडं विचारायचंही आहे.

तुमच्यामागे तुमचा गुरुवारचा बायकांचा वर्ग काही वर्षं कसाबसा चालला आणि मग बंद पडला. पुढे आम्ही घाटकोपर सोडून मुलुंडला आलो आणि इथल्या चर्चच्या मंडळीने दृढीकरणाच्या वर्गाची हजेरी माझ्याकडे दिली. शिकवतात पाळकसाहेब, मी फक्त वही सांभाळते. तुम्ही आम्हाला शिकवलंत तेच तीस धडे अजून आहेत. ते पुरे झाले की बिशप येतात, डोक्यावर हात ठेवतात आणि तिथून पुढे माणूस प्रभुभोजनाला बसतो. बिशप येतात वर्षातून एकदाच. मी वही घेतली तेव्हा पाहिलं की पाच-सहा धड्यांना आलेली मुलंसुद्धा बिशपांपुढे उभी राहताहेत, कुणाचा मामा कमिटीवर, कुणाचे वडील देणगीदार. मला ते बघवलं नाही. मीच कमिटीच्या मागे लागून नियम करून घेतला: तिसांपैकी चोवीस रविवार भरले पाहिजेत, मग मूल कोणाचंही असो. सेक्रेटरींच्या भाच्यालासुद्धा त्या नियमाने एक वर्ष थांबवलं. नियम चांगलाच होता, बाई. मी अजूनही तेच म्हणेन.

त्या नियमात भांडुपची एक मुलगी सापडली. बावीस-तेवीस वर्षांची, मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात कामाला. तिथे रविवारी सुट्टी मागितली तर सोमवारपासून येऊ नका म्हणतात. हिची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. घरी तिच्याखेरीज कोणी चर्चला येत नाही, वडिलांनी येणं सोडून दिलंय, आई कंटाळलीय. ही मात्र तीन वर्षं नाव घालतेय आणि सकाळची शिफ्ट चुकवून, कुणाला तरी बदली देऊन जमेल तेवढ्या वेळा येते. मागच्या बाकावर बसते, एका वहीत सगळं उतरवून घेते आणि आशीर्वाद झाला की चप्पल हातात घेऊन स्टेशनच्या दिशेने पळते. या वर्षी तिच्या हजेऱ्या भरल्या नऊ. मी लाल पेन्सिल घेतली आणि तिच्या नावावर रेघ ओढली. वाकडी जाऊ नये म्हणून पट्टी लावून ओढली. वगळलेल्यांची यादी बोर्डावर लागली. तिच्याखाली सही सेक्रेटरींची असते, हजेरीवालीची नसते. दोन दिवसांनी ती यादी बघायला आली तेव्हा मी तिथेच फुलदाण्या धूत होते. तिने बोटाने स्वतःचं नाव शोधलं, मिळालं, आणि मला म्हणाली, “काकू, आता चौथ्यांदा नाही नाव घालणार मी. तीनदा विचारलं ना देवाला. बस झालं.” रागाने नाही, कंटाळल्यासारखं. मी म्हटलं, वाईट वाटलं गं. एवढंच म्हटलं आणि फुलदाणी विसळत राहिले.

पुढच्याच रविवारी उपासना सुटल्यावर सून म्हणाली, आई, मॉलवरून जाऊ या, पोराच्या शाळेच्या कार्यक्रमाला पांढरा शर्ट हवाय. माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे, रविवारी मी काही विकत घेत नाही, कोथिंबिरीची जुडीसुद्धा नाही. सुनेला ते पाठ झालंय. ती म्हणाली, तुम्ही कुठे घेताय, मी घेतेय, तुम्ही नुसत्या चला. गेले. दुकानात आमच्याच मंडळीची निम्मी माणसं, सेक्रेटरींच्या मिसेस ट्रायल रूमच्या रांगेत. आणि ती मुलगी काउंटरमागे. “सलाम, काकू,” म्हणाली, चर्चच्या दारात म्हणते तशीच, हसून. आमच्यासाठी तिने एकामागून एक सात शर्ट उघडले, सुनेला सातही आवडले नाहीत, आठवा घेतला. मी विचारलं, जेवलीस का गं? तर म्हणाली, चारला ब्रेक आहे. सुनेने फोन पुढे धरून पैसे दिले, पिशवी मी उचलली, आणि मनात म्हणत होते, आज मी काही विकत घेतलेलं नाही. सरकत्या जिन्यावरून खाली येताना मागे वळून पाहिलं तर ती आमचे ते सात शर्ट पुन्हा घडी घालत होती. तिथे तुम्ही मला आठवलात. नुसत्या आठवला नाहीत, कान धरल्यासारख्या आठवलात.

घाटकोपरच्या चाळीतली ती सकाळ तुम्हाला आठवते का? मी नगरकडून लग्न होऊन येऊन वर्षही झालं नव्हतं. माहेरी आमच्याकडे मिशनच्या वेळेपासूनची शिस्त: रविवारी चूल नाही, सुई नाही, बाजार नाही, शनिवारी करून ठेवलेलं खायचं. ती शिस्त मी हुंड्यासारखी सोबत आणली होती. पण यांना सकाळी गरम चहा लागायचा. मग मी तोड काढली. शेजारी मालवणच्या काकी राहायच्या, त्यांच्या यजमानांची गिरणी बंद पडल्यापासून चार घरची भांडी घासायला जायच्या. रविवारी पहाटेचं पहिलं घर आटपून त्या आल्या की मी गॅलरीतून हाक मारायची, काकी, जरा माझा स्टोव्ह पेटवून द्या ना, आज माझा नियम आहे. त्या बिचाऱ्या यायच्या, पिन मारायच्या, पंप मारायच्या, चहाचं आधण ठेवायच्या आणि वर थट्टा करायच्या, “तुझो देव बरो गो. आठवड्याची रजा देता. माझ्या शेठाणीक पण सांगाक सांग त्येका.” मला हसू यायचं. मला वाटायचं, काकींनाही माझ्या रविवारचं कौतुक आहे.

तुम्ही त्या दिवशी मला उपासनेला सोबत न्यायला लवकर आलात. दारात उभ्या आहात, हातात छत्री, आणि आत काकी माझ्या स्टोव्हपुढे उकिडव्या बसून पंप मारताहेत, पदर कोपरापर्यंत ओला, तर मी नेसून-सवरून खाटेवर बसलेय, मांडीवर गीतांचं पुस्तक. तुम्ही आत येऊन बसलात. चहा झाला, काकी गेल्या. मी कप पुढे केला, तो तुम्ही घेतला नाही. मला म्हणालात, चौथी आज्ञा म्हण. मी घडाघडा म्हणायला लागले, विश्रांतीच्या दिवशी तू काम करू नकोस, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, तुझी जनावरं, आणि तुझ्या दारात राहणारा परका, इथवर आले आणि तुम्ही हात वर केलात.

“दार कोणाचं?”

“माझं.”

“मग तुझा रविवार झाला तो कोणाच्या जिवावर? तिचा कधी असतो, विचारलंस कधी?”

मी विचारलं नव्हतं. मला रडू आलं, तुम्ही रडू दिलंत, समजूत काढली नाहीत. चर्चला चालत जाताना मात्र तुमचा आवाज निराळा होता. म्हणालात, प्रभूने डोंगरावर बसून सांगितलं की मी नियमशास्त्र पुसून टाकायला आलो नाही, भरून काढायला आलो आहे. ते तू काय समजतेस? मी म्हटलं, म्हणजे आणखी कडक. तुम्ही रस्त्यातच थांबलात. म्हणालात, अगं, हंडा घासून लखलखीत करून फळीवर पालथा ठेवला तर तो हंडाच आहे, कुणी नाही म्हणत नाही. पण घरातलं माणूस तहानेलं राहिलं. प्रभूने हंडा फोडला नाही, त्याच्यात पाणी भरलं. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी शिष्यांनी भूक लागली म्हणून कणसं खुडली तर तो त्यांच्यावर रागावला नाही, हात वाळलेल्या माणसाला अशाच दिवशी बरं केलं. दिवस माणसासाठी केलेला आहे, हे तो सांगत होता. तू काकीसाठी तो केलास का? आणि हे सगळं सांगताना तुम्ही छत्री माझ्याच डोक्यावर धरली होती, तुमचा एक खांदा उन्हात होता.

शिक्षा म्हणून तुम्ही मला जे काम लावलंत ते मी पुढे पंचवीस वर्षं केलं, चाळ सुटेपर्यंत. दर रविवारी उपासनेहून आल्यावर काकींच्या घरची भांडी मी घासायची, त्यांचं पाणी मी भरायचं, दुपारचं दोन्ही घरचं मी रांधायचं. स्टोव्ह माझा मी पेटवायचा. पहिल्या रविवारी काडी दोनदा विझली. वाटलं, आईला कळलं तर काय म्हणेल. काकी तर आधी घरातच घेईनात. मग तुम्ही काय सांगितलंत त्यांना कोण जाणे, त्या भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या आणि मला घासताना बघून म्हणाल्या, “तुझ्या बायनी माका बरी कामवाली दिल्यानी गो. पगार मागणा नाय, खाडो करणा नाय.” दोन-तीन महिन्यांनी मी तुम्हाला हळूच विचारलं, बाई, काकी येतील का हो आपल्या वर्गाला? शिष्य करा असं प्रभूने जाताना सांगितलंय ना. तुम्ही इतक्या हसलात की तुमचा चष्मा घसरला. “तू तिची खरकटी घासणार आणि वर हजेरी मागणार?” मग चष्मा पुसत म्हणालात, शिष्य करा म्हणजे माणसं मोजून आणा असं नाही. मी तुम्हाला शिकवलं ते पाळायला शिकवा, असं तो म्हणाला. पाळायला शिकवायचं तर आधी ते आपल्याला येत असावं लागतं. तू आत्ता कुठे पहिलीत आहेस. काकी कधी वर्गाला आल्या नाहीत, त्यांच्या देवीचा उपास त्यांनी कधी मोडला नाही, नाताळला मात्र हक्काने पहिला केक त्यांना लागायचा. मला त्यांनी बोंबील साफ करायला शिकवले, गावाकडे मी ते पाहिलेही नव्हते. आमचं बरं चाललं होतं.

आणि गुरुवारची दुपार. ती कधीच कोणाला सांगितली नाही मी. माझा मोठा सहा महिन्यांचा होता, रात्रंदिवस रडायचा. तुम्ही शाळेतून आलात की वर्गाच्या आधी एक तास मला तुमच्या खोलीत बोलवायचात, पोर माझ्याकडून काढून घ्यायचात आणि तुमच्या खाटेकडे बोट दाखवायचात. झोप. मी म्हणायची, बाई, धडा वाचायचाय. तुम्ही म्हणायचात, हाच आजचा धडा. मी भिंतीकडे तोंड करून झोपते, बाहेर गॅलरीत तुमच्या चपला या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज करताहेत, पोराला तुम्ही पाढे म्हणून दाखवताय, बे एके बे, कारण तुम्हाला अंगाई येत नाही. त्या झोपेसारखी झोप मला परत कधी लागली नाही. तुम्ही दिवसभर सत्तर मुलांपुढे उभ्या राहून यायचात, तुमचे पाय सुजलेले असायचे, हे मला कळायला माझे स्वतःचे पाय सुजावे लागले.

तर हे सगळं मॉलच्या जिन्यावर आठवलं, आणि मग कमिटीच्या बैठकीला मी वही घेऊन गेले. एरवी मी हजेरी वाचते आणि चहा येईपर्यंत गप्प बसते. या वेळी म्हटलं, एक नाव पुन्हा घ्यायचंय. सेक्रेटरी बँकेतून रिटायर झालेले, सरळ माणूस, नियमाला पक्के. ते म्हणाले, काकू, हा नियम तुम्हीच करून घेतलात. माझा भाचा थांबला तेव्हा मी एक शब्द बोललो नाही. मी म्हटलं, बोलला नाहीत, मोठेपणा तुमचा. नियम मोडा असं मी म्हणतच नाही. तीस धडे ते तीस धडेच, एकही कमी नाही. फक्त ज्यांना रविवारी सुट्टी नाही त्यांना ते मंगळवारी शिकवायचे. कोणीतरी विचारलं, शिकवणार कोण, पाळकसाहेबांचा मंगळवार हॉस्पिटल-भेटीचा असतो. मी म्हटलं, मी शिकवीन. खजिनदार म्हणाले, “काकू, तुम्ही धर्मशास्त्राची पदवी कधी घेतलीत? पेढे नाही आले आमच्याकडे.” सगळे हसले. मीही हसले, मॅट्रिकला सत्तेचाळीस टक्के मिळालेलं माणूस आणखी काय करणार. मग मी म्हटलं, एकच विचारते. गेल्या महिन्यात रविवारी उपासनेनंतर मॉलला कोण कोण गेलं होतं? आणि मी स्वतःचा हात पहिल्यांदा वर केला. मला वाटलं होतं, एकटाच राहतो हात. पण सेक्रेटरींनी टेबलाकडे बघत हात वर केला, मग खजिनदारांनी, मग पाळकसाहेबांचा कानापर्यंत आला. मी म्हटलं, आपण सगळे तिथे गेलो म्हणून तिला इथे येता आलं नाही, आणि आपणच तिची गैरहजेरी लावली. एवढं बोलून मी वही मिटली.

असं ठरलं: वर्ग माझ्या घरी, माझ्या जबाबदारीवर, बिशप यायच्या आत तीसही धडे पुरे झाले पाहिजेत, म्हणजे काही मंगळवारी दोन-दोन घ्यावे लागतील, आणि शेवटी पाळकसाहेब स्वतः तोंडी परीक्षा घेणार. मुलीला मी फोन केला. ती आधी म्हणाली, नको काकू, परत नाही होणार माझ्याच्याने. मग थोड्या वेळाने तिचाच फोन आला की दुकानातली आणखी एक आहे आणि एक नर्सिंग होममध्ये काम करणारी, तिघी आलो तर चालेल का? मी चालेल म्हटलं आणि फोन ठेवून गॅसपाशी उभी राहिले, घाबरून. उद्या मंगळवार. अकराला तिघी येणार. पहिला धडा मी डोंगरावरच्या शिकवणीचा घेतेय, नियमशास्त्र भरून काढण्याचा, तुमच्या हंड्यासकट. चार पानं लिहून काढलीत. साबुदाण्याची खिचडी करणार आहे, ती मुलगी न जेवताच घराबाहेर पडते.

आता विचारायचं ते. त्याच शिकवणीत, थोडं पुढे, प्रभू म्हणतो की वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. काल ते वाचताना मी अडले. त्या मुलीला वाटतं की तिचं नाव सेक्रेटरींनी काढलं. बोर्डावर सही त्यांची होती ना. ती त्यांना आता सलाम करत नाही, तोंड फिरवते. आणि मला म्हणते, काकू, तुम्ही होतात म्हणून. हे तिने तीनदा म्हटलं, आणि तिन्ही वेळा मी ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर मला ते गोड लागलं. काल मी स्वतःशी म्हटलं, वचन असं आहे की त्याच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर. तिच्या मनात माझ्याविरुद्ध काहीच नाही, तिला ठाऊकच नाही, म्हणजे हे वचन मला लागू होत नाही. हे म्हणून मी पान उलटलंसुद्धा. मग परत मागे आले.

लाल रेघ मी ओढली हे तिला उद्या सांगायचं, हे मला कळतं, बाई, ते मी तुम्हाला विचारत नाही. ऐकून ती उठून गेली तर तिची ही चौथी खेपही संपली, आणि बाकीच्या दोघी तिच्याबरोबर जातील, हेही कळतं. मला एवढंच सांगा की धड्याच्या आधी सांगू की नंतर. नंतर सांगितलं तर निदान एक धडा तिच्या पदरात पडेल, असं वाटतं. पण हे वाटणं तिच्यासाठी आहे की माझ्यासाठी, ते मला या वयातही ओळखता येत नाही. चाळीच्या जागी आता तेवीस मजले उभे आहेत, तुमची खोली कितव्या मजल्याच्या हवेत असेल कोण जाणे, त्यामुळे पाकीट आणलेलंच नाही. तरी ती मुलगी अकराच्या आधी पाच-दहा मिनिटं येईल, घाईची सवय आहे तिला. तेवढ्यात जमलं तर उलट टपाली एक ओळ कळवा.